पिवळी नळी

सोमवार, २७ ऑक्टोबर

आज कामावर रुजू झालो. केनवडहून पहिल्या एसटीने मालेगाव, तिथून मेडशी. मेडशीच्या फाट्यावर मुन्ना, इथं पाहुण्यांना पाण्याखाली नेणारा पोरगा, मोटारसायकल घेऊन उभाच होता. पेटी मांडीवर धरून मागे बसलो. दोन्ही बाजूंना सोयाबीन निघालेली मोकळी वावरं, मधेमधे उभी तूर, आणि एका वळणावर एकदम नारळाची झाडं. मी डोळे चोळले. झाडं प्लॅस्टिकची आहेत. मुन्ना म्हणाला, येणारे सगळेच इथं असे डोळे चोळतात.

ही जुनी गिट्टीची खदान. बंद पडल्यावर झऱ्यांनी भरली. काळ्या खडकाच्या उभ्या भिंती, मधे हिरवं पाणी, वरून तळ दिसत नाही. एका काठावर वाळू टाकून रंगीत छत्र्या लावल्यात. मालक युसूफभाई मूळचे शेलूबाजारचे. बरीच वर्षं मालवणला होते, पाहुण्यांना समुद्राखाली फिरवून आणायचे. आता ते खदानीत पाण्याखाली उतरायला शिकवतात आणि शिकलेल्यांना महिन्याच्या शेवटी मालवणच्या सहलीला नेतात. लोक याला मेडशीचा गोवा म्हणतात. अशा ठिकाणी पाहुण्यांना बघायला तळाशी एखादी बोट बुडवून ठेवतात म्हणे. इथं बोट कुठली? युसूफभाईंनी भंगारातली एक काळी-पिवळी जीप बुडवली आहे. पाहुणे तिच्यात बसून फोटो काढतात.

फाटकावरच्या पाटीवर 'प्रशीक्षण' लिहिलं होतं. सांगावं की नको यात माझा बराच वेळ गेला. शेवटी सांगितलं. युसूफभाई हसले आणि रंगाचा ब्रशच माझ्या हातात दिला. म्हणाले, "घे मास्तर, तुह्यं पयलं काम." दहावीत इंग्रजीत उडालेल्या माणसाला मास्तर. बरं वाटलं.

माझं काम असं: कॉम्प्रेसरवर सिलिंडर भरायचे, सूट धुऊन वाळत घालायचे, पाहुणा खाली असताना काठावर लक्ष ठेवायचं. त्याच्या बदल्यात मला शिकवणार आणि वैष्णवीलाही. माझ्या बहिणीला शोध आणि बचाव पथकात जायचं आहे. पाणबुड्याचं प्रमाणपत्र असलं तर तिचा नंबर लागेल. आई निघताना एवढंच म्हणाली, तिला पाण्यात एकटी सोडू नको.

युसूफभाईंची आई, हुस्नाबानो चाची, स्वयंपाक बघतात आणि बाजाराला वापरातली जीप स्वतः चालवत नेतात. रात्री गरम भाकर आणि अंड्याचा रस्सा होता. त्यांची खुर्ची नेहमी पाण्याकडे पाठ करून असते. मुन्ना माझ्याच खोलीत झोपतो आणि झोपेत घोरतो. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. डिसेंबरच्या सहलीत पाहीन.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

मला पाणी नवं नाही, विहिरीत पोहत मोठा झालो. पण पाण्याखाली श्वास घेणं निराळं आहे. पहिल्यांदा घेतला तेव्हा चोरी केल्यासारखं वाटलं. सगळे सूट एकसारखे, काळे, बाहीवर निळा पट्टा. मास्क लावला की कोण कोणता ते कळत नाही. खाली हिरवा अंधार असतो, हात लांब केला तर बोटं धूसर होतात. बोलता येत नाही म्हणून हाताच्या खुणा आहेत. त्या मी लिहून पाठ केल्या.

शेडमध्ये एक जाड इंग्रजी पुस्तक सापडलं. इंग्रजी मला फारसं कळत नाही, पण चित्रं कळतात आणि मोबाइलमध्ये शब्द बघता येतात. त्यात असं आहे की प्रत्येकाच्या सिलिंडरला दोन नळ्या असतात. काळी आपली. पिवळी दुसऱ्यासाठी. कोणी तळहात गळ्यावरून आडवा फिरवला तर त्याची हवा संपली आहे. त्याला पिवळी नळी द्यायची, त्याच्या दंडात दंड अडकवायचा आणि त्याला सोबत वर आणायचं. तो कोण आहे हे बघत बसायचं नाही. मागेल त्याला आधी द्यायची. त्या पानाला लाल चौकट आहे.

आमच्या एकाही सिलिंडरला पिवळी नळी नाही. सगळ्या शेडमध्ये खिळ्याला टांगल्यात, धूळ बसली आहे. युसूफभाईंना विचारलं. ते म्हणाले, जीपमध्ये अडकतात म्हणून काढल्या, इथं कोणी हवा मागत नाही. एवढं बोलून उठून गेले. चहा तसाच राहिला.

रविवार, २ नोव्हेंबर

उद्या वैष्णवी पहिल्यांदा खाली जाणार. झोप येईना. पुस्तकातलं लाल चौकटीचं पान सारखं डोळ्यापुढे. तिची हवा संपली आणि मुन्नाकडे द्यायला नळीच नसली तर? मला असं अर्धवट सोडलेलं काम बघवत नाही.

दुपारी युसूफभाई शेलूबाजारला गेले होते. मी सगळ्या पिवळ्या नळ्या साबणाने धुतल्या, पुस्तकातल्या चित्राप्रमाणे प्रत्येक सिलिंडरच्या जोडणीला बसवल्या आणि पान्याने आवळल्या. छातीच्या पट्ट्यामागे खोचल्या की वरून दिसत नाहीत. मुन्नाला दिसलं. म्हणाला, भाईले कळलं त मरशीन. मी म्हटलं, नियम आहे. तो म्हणाला, तू अन तुहा नियम. आणि हसला. त्याने सांगितलं नाही कोणाला.

सोमवार, ३ नोव्हेंबर

वैष्णवी उतरली आणि व्यवस्थित वर आली. मास्क काढला तेव्हा नाकाभोवती लाल वळ, आणि अशी हसत होती की मलाही हसू आलं. तिने एका दमात सगळं सांगितलं. मुन्ना पुढे होता. जीपपाशी युसूफभाई भेटले. त्यांनी गळ्यावरून हात फिरवून खूण केली, तिची परीक्षा घेतली. तिने पिवळी नळी काढून दिली, मी पुस्तकातून शिकवली होती तशीच. त्यांनी बराच वेळ तिच्या नळीतून श्वास घेतला आणि मग तिचा दंड धरून ठेवला. सोडेनात. मुन्ना मागे वळला तेव्हा सोडला.

मी विचारलं, युसूफभाईच होते का? ती म्हणाली, "अजून कोन राहीन बे दादा, पान्याखाली?"

युसूफभाई तेव्हा काठावर माझ्या शेजारी बसून चहा पीत होते.

तिच्या सिलिंडरच्या हवेचा काटा पाहिला. एवढ्याशा वेळात लाल पट्ट्याजवळ आला होता. दोघांनी ओढल्यासारखा.

तिच्या दंडावर वळ आहेत. बोटांचे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सांगायला पाहिजे. पण सांगितलं तर नळ्यांचं सांगावं लागेल, मग मी घरी आणि वैष्णवीचं प्रमाणपत्र गेलं. मुन्ना म्हणतो, पहिल्यांदा उतरणाऱ्यांना काहीही दिसतं, एका वकिलाला तर खाली त्याची सासू दिसली होती. त्याच्या हसण्याने जरा धीर आला.

वैष्णवीला पुढच्या आठवड्यात येऊ नको म्हणून फोन केला. कॉम्प्रेसर बिघडला असं खोटं सांगितलं. मी खोटं सहसा बोलत नाही.

आज मी स्वतः जीपपर्यंत गेलो. आत कोणी नव्हतं. पण स्टेअरिंगवर शेवाळ नाही. बाकी सगळ्या जीपवर आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर

उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, अक्षर वाईट येईल.

आज मालेगावचे रामधन साहेब आले होते, ट्रॅक्टरचं दुकान आहे त्यांचं. देह मोठा, बोलणं मोठं. मुन्ना त्यांना घेऊन खाली गेला. मी काठावर होतो. आधी बुडबुडे नेहमीसारखे आले. मग एकाच जागी खूप आले, उकळल्यासारखे, आणि त्यात तांबडं.

मुन्नाने त्यांना काखेत धरून वर आणलं. तोंडात नळी नव्हती. वरचा ओठ नाकापर्यंत फाटला होता आणि पुढचे दात मुळासकट गेले होते. ते ओरडत होते पण आवाजाबरोबर रक्तच येत होतं. काळी नळी त्यांच्या छातीवर लोंबत होती, तिच्या रबरात दात रुतलेले. पिवळीतून कोणीतरी आधी हवा ओढली होती, तेवढ्याने भागलं नाही. मग त्यांच्या तोंडातली ओढून घेतली.

मुन्ना म्हणाला, त्याले आधी पिवळी देल्ली साहेबानं, मंग तो सोडेचना.

त्यांना त्यांच्याच ड्रायव्हरबरोबर गाडीने अकोल्याला पाठवलं. मग युसूफभाईंनी सिलिंडर उलटा केला आणि पिवळी नळी पाहिली. बाकीचे सिलिंडर पाहिले. मला काही विचारलं नाही. एक नळी उपसून तिच्या पितळी टोकाने मला मारायला लागले. मी हात आडवा घातला तेव्हा बोटं गेली. मग पाठ, मग डोकं. मी पडलो तरी मारत होते. मारताना ते रडत होते. चाचींनी मधे पडून धरलं.

युसूफभाईंनी सगळ्या नळ्या काढून डिझेल ओतून जाळल्या.

एक मी खाटेखाली लपवली होती. का ते माहीत नाही. नियमच आहे ना.

सोमवार, १७ नोव्हेंबर

मुन्ना गेला.

रामधन साहेबांचा कॅमेरा बुडवलेल्या जीपमध्ये राहिला होता. त्यांचा भाऊ फोनवर फार बोलला. युसूफभाई पोलीस ठाण्यात गेले होते. मुन्ना म्हणाला, जातो अन येतो, तू भाकर वाढून ठेव. त्याच्या सिलिंडरला पिवळी नळी नव्हती.

वर आला तो उलटा. युसूफभाई परत आल्यावर दोघांनी गळ टाकून ओढला. सूट कुठे फाटला नव्हता, पण छाती आत गेली होती, पत्र्याच्या डब्यावर पाय द्यावा तशी. फासळ्या सूटच्या आतून टोचत होत्या. ओठ नव्हते. गाल आतून ओढले गेले होते आणि जीभ घशात मागे. युसूफभाईंनी हात लावून पाहिला आणि म्हणाले, नळी नसली त सरळ छातीतून हवा घेते आता.

पोलिसांनी पंचनामा केला. पाण्याच्या दाबाने झालं म्हणाले. फाटकाला कुलूप.

त्याची भाकर अजून झाकलेली आहे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

युसूफभाईंनी आज सांगितलं. माझ्याकडे न बघता, पाण्याकडे बघत.

हसनैन त्यांचा धाकटा भाऊ. दोघांनी मिळून ही जागा घेतली होती. जीपच्या साखळ्या बांधताना हसनैनची हवा संपली. त्याने खूण केली, युसूफभाईंनी पिवळी नळी दिली. वर येताना हसनैनचा पाय साखळीत अडकला आणि इकडे यांचा काटा लाल पट्ट्यात गेला. हवा दोघांना पुरणार नव्हती. हसनैन नळी सोडेना. युसूफभाईंनी सुरी काढली आणि नळी कापली. दुसऱ्या दिवशी यांनीच त्याला बाहेर काढलं. शेलूबाजारच्या कब्रस्तानात स्वतःच्या हाताने माती दिली.

त्यानंतर पहिल्यांदा खाली गेले तर जीपच्या स्टेअरिंगवर कोणीतरी बसलेलं. काळा सूट, निळा पट्टा. हात गळ्यावरून आडवा. म्हणून यांनी सगळ्या नळ्या काढून टाकल्या. कोणाकडे द्यायलाच नसली की तो नुसता बसून राहायचा. मी विचारलं, मग जागा सोडली का नाही? ते म्हणाले, रोज दिसायचा तरी.

मग माझ्याकडे वळले. राग नव्हता तोंडावर.

"मागायचा फक्त. मागून मागून थकून जायचा. तू त्याले चटक लावली, मास्तर."

उद्या दुपारी ऊन सरळ पाण्यात उतरलं की ते सुरी घेऊन जाणार. एकदा नळीच कापली, अर्धं काम राहिलं, आता पुरं करतो म्हणाले. दोर मी धरायचा आहे.

बुधवार, १९ नोव्हेंबर, दुपार

लिहिलं तर डोकं ठिकाणावर राहतं. म्हणून लिहितो. क्रमाने.

युसूफभाई उतरले. कमरेला दोर. तेवढ्यात वैष्णवी फाटकावरून चढून आली. तिला मुन्नाचं कळलं होतं, मला घरी न्यायला आली होती. मी तिला मागे हो म्हटलं. दोर एकदम ताणला. माझे तळहात सोलले. मग ढिला पडला, मग परत ताणला, खाली कोणी जनावर बांधल्यासारखा.

ती म्हणाली, मानूस जित्ता हाय खाली. मी नाही म्हणेपर्यंत तिने सूट चढवला होता. दोर सोडून तिला धरता आलं असतं. मी दोर सोडला नाही. तिने उडी मारली.

तिला पाण्यात एकटी—

दोर खडकाला बांधला. खाटेखालची पिवळी नळी माझ्या सिलिंडरला लावली. उतरलो.

हिरवं, आणि त्यात रक्ताचे लांब धागे. जीपच्या टपावर कोणाच्या तरी पायातला रबरी फिन. पुढे काही दिसेना. मग ती दिसली. काळा सूट, निळा पट्टा, माझ्यापासून हातभर. तळहात गळ्यावर आडवा.

मी बघत बसलो नाही. पुस्तकात तसंच आहे. पिवळी नळी तिच्या तोंडात दिली. दंडात दंड अडकवला. वर घेऊन आलो. काठावर बसवली. तिने मास्क काढला नाही, नळी सोडली नाही. मी म्हटलं, वैष्णू, झालं आता, बाहेर आहेस तू. ती ओढतच राहिली.

मग पलीकडच्या शिडीपाशी पाणी फुटलं.

एक डोकं वर आलं. मास्क नव्हता. कोपरापासून मनगटापर्यंत हात उघडा पडलेला, मांस पांढरं दिसत होतं. युसूफभाईंनी अंधारात वैष्णवीलाच तो समजून वार केला होता. दुसऱ्या हाताने ती त्यांना कॉलरला धरून ओढत होती. त्यांची छाती आत गेली होती. ओठ नव्हते.

ती माझ्याकडे बघून थांबली. शिडीवरचा तिचा पाय थांबला.

"दादा," ती म्हणाली, "तुह्या बाजूले कोन बसून हाय?"

तीच तारीख. शेड. वरचं सगळंही इथंच बसून लिहिलं.

मी सिलिंडर उचलला तर तो मागे आला. नळी तोंडात धरून, वासरू दाव्यामागे येतं तसा. जिकडे सिलिंडर तिकडे तो. वैष्णवीकडे वळला होता, म्हणून मी सिलिंडर उचलला. भरलेले सगळे शेडमध्येच आहेत.

मी चाचींना म्हटलं, बाहेरून कडी घाला आणि हिला मेडशीला न्या, हात शिवून घ्या. चाची दारात उभ्या राहिल्या. त्याच्याकडे बघितलं. उजव्या पायाच्या घोट्याला साखळीचा वळ आहे, तिकडे बघितलं. म्हणाल्या, "हसनैन, बेटा, बस कर अब." त्याने मान वळवली. ओढत राहिला.

वैष्णवी दार धरून ओरडत होती. चाचींनी तिला कमरेला धरून मागे ओढलं आणि कडी घातली. त्यांनी थोरल्याचं तोंडही अजून झाकलं नव्हतं.

चाचींनी जीप काढली. आवाज फाट्यापर्यंत ऐकू आला.

आता तो माझ्यासमोर बसला आहे. मास्कच्या काचेआड चेहरा नाही. पाणी आहे, हिरवं, काठोकाठ. सूटमधून पाणी गळतं ते थांबतच नाही.

एक सिलिंडर संपला की मी दुसरा जोडतो. तेवढ्या वेळात तो हात गळ्यावर नेतो. पहिल्यांदा जोडायला वेळ लागला, बोटं वळत नाहीत. तेव्हा त्याने माझा खांदा धरला. हाड मोडल्याचं ऐकू आलं. दुखत नाही अजून.

मोकळे सिलिंडर भिंतीला लावून ठेवलेत, ओळीने.

कॉम्प्रेसर थ्री फेज विजेवर चालतो. या आठवड्यात लाईन रात्रीची. पॅनेलवरचा लाल दिवा पेटला तर भरत राहता येईल. भरत राहीन मी. त्याला इथंच—

पेटला नाही.

हा शेवटचा जोडला.

आई, वैष्णवीला समुद्र दाखवायला कोणीतरी

काटा लाल पट्ट्यात. त्याला पण कळतं, काट्याकडे बघतो. मागेल त्याला आधी द्यायची. मी दिली. प्रत्येक वेळी दिली—

नळीतून आवाज यायचा थांबला.

नळी खाली टाकली त्याने.

उठला. हात गळ्यावर आडवा. माझ्या तोंडाकडे बघतो. सांगतो आहे त्याला, नाही उरली, माझ्याकडे आता छातीत आहे तेवढीच—